काच फुटते तेव्हा कोण बघत असतं?

रात्री अडीचच्या सुमाराला गल्लीत काचांचा खळखळाट होतो, कुत्री भुंकतात, दोन-तीन दुचाक्या सुसाट निघून जातात. सकाळी बघावं तर ओळीनं लावलेल्या गाड्या फुटलेल्या. दोन रिक्षा, एक टेम्पो, शाळेची व्हॅन, पाच-सहा दुचाक्यांचे आरसे. चोरीला मात्र काहीच गेलेलं नाही. पुणे-पिंपरीत राहणाऱ्याला ही बातमी परकी नाही. 'कोयता गँग' म्हणजे कोयते नाचवत दहशत माजवणारं टोळकं, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन दिवसांनी मुलं सापडतात. त्यातली दोघं-तिघं पंधरा-सोळा वर्षांची निघतात. आणि गाड्या? त्यांच्याच गल्लीतल्या. एखादी रिक्षा तर अशा काकांची असते, ज्यांनी याच पोराला लहानपणी बालवाडीत सोडलेलं असतं.

चोराचं गणित आपल्याला कळतं: पैसे हवे होते. सूड घेणाऱ्याचंही कळतं: डोक्यात राग होता. पण ओळखीच्या माणसांच्या गाड्या फोडून या मुलांना मिळालं काय? 'मस्ती आली', 'आईबापाचं लक्ष नाही', 'अल्पवयीन म्हणून सुटतात, म्हणून माजलेत' अशी उत्तरं चहाच्या टपरीवर लगेच मिळतात. आपण इथं एक वेगळा प्रश्न हातात धरून चालू. काच फुटली तेव्हा बघत कोण होतं?

दहीहंडीचा वरचा थर

गोविंदा पथकानं महिनाभर मैदानात सराव केलेला असतो. सरावात ज्या थराला कुणी हात घातला नाही, तो थर लावायची हिंमत हंडीच्या दिवशी होते. उंची तीच असते, हाडंही तीच असतात. बदललेली असते ती खाली उभी असलेली गर्दी.

मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत तपासली आहे. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी किशोरवयीन मुलांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं, की धोका पत्करून पुढं जायचं, एवढाच निर्णय घ्यायचा होता. मग खेळणाऱ्याला सांगितलं, तुझे मित्र शेजारच्या खोलीतून तुझा खेळ बघताहेत. प्रौढांच्या खेळण्यात फरक पडला नाही. किशोरांनी मात्र जास्त धोके पत्करले. त्या वेळी त्यांच्या मेंदूत बक्षीस मिळाल्यावर जो भाग चेततो, तोही जास्त चेतलेला दिसला. मित्रांनी बघणं हेच एक बक्षीस होतं.

याचं कारण मेंदू वाढण्याच्या क्रमात आहे. वयात येताना सुखाची, थराराची ओढ झपाट्यानं वाढते. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पक्का होतो. घरात गॅसची शेगडी आज आली आणि तिचा रेग्युलेटर बसवणारा माणूस आठ-दहा वर्षांनी येणार, अशी ही व्यवस्था आहे. ती श्रीमंताच्या घरात असते आणि वस्तीतही असते. मग सगळीच मुलं काचा का फोडत नाहीत? कारण प्रत्येकाचे बघणारे वेगळे असतात.

समजा, या टोळक्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला आपण सोन्या म्हणू. वडील रात्रपाळीला, आई पहाटेपासून चार घरच्या धुण्याभांड्याला. सोन्या नववीत नापास झाला. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच असतं, त्यामुळं तो शाळेत दिसेनासा झाला तेव्हा कुणी शोधायला आलं नाही. रोज सकाळी हजेरीत त्याचं नाव घेतलं जात होतं, तेही बंद झालं. वर्षभर त्याचं नाव मोठ्या आवाजात घेणारा एकच माणूस उरला: कोपऱ्यावरचा भाई. भाईनं त्याला वडापाव खाऊ घातला, वाढदिवसाला केक कापायला बोलावलं, गाडीवर मागं बसवलं. काचा फुटल्या तेव्हा सोन्या भाईच्या गर्दीसाठी थर चढत होता. आता तर मोबाइल आहे, त्यामुळं गर्दी गल्लीपुरतीही राहत नाही.

बहुतेक जण थांबतात

किशोरवयात अधूनमधून नियम मोडणं जगभर आढळतं. वयानुसार गुन्ह्यांचा आलेख काढला तर तो डोंगरासारखा दिसतो: कुमारवयात चढतो, तारुण्यात शिखर गाठतो, मग उतरत जातो. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी असा आकार १८३१ मध्येच नोंदवला होता.

न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. त्या माहितीच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा मांडल्या. एका वाटेवरची मुलं फक्त किशोरवयात बहकतात. नोकरी, लग्न, जबाबदारी आली की त्यांचे बघणारे बदलतात आणि ती थांबतात. ही मुलं संख्येनं खूप. दुसऱ्या वाटेवरची थोडीच असतात, पण त्यांचा त्रास अगदी लहानपणी सुरू होतो आणि मोठेपणीही चालू राहतो. घरातली मारहाण, उपेक्षा, शिकण्यातल्या अडचणी हे त्यांच्यामागं बहुधा आधीपासून लागलेलं असतं.

साधा ताप आणि टायफॉइड सुरुवातीला सारखेच दिसतात. पहिल्या दिवशी दोघांनाही सलाइन लावलं तर पहिल्याला उगीच त्रास होतो. दोघांनाही घरी पाठवलं तर दुसरा दगावतो. बाल न्यायाचं अर्धं कौशल्य हे दोन ताप वेगळे ओळखण्यात आहे.

औषधानंच वाढलेलं दुखणं

'एकदा जेल दाखवा, सुतासारखे सरळ होतील' हा सल्ला आपण ऐकलेला असतो. अमेरिकेत तो अमलात आणून पाहिला गेला. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमदाटी करून घेत. 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाच्या त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि देशभर त्याची नक्कल झाली. पुढं अशा कार्यक्रमांची शिस्तीत तुलना झाली, तेव्हा उलटंच दिसलं. अशा कार्यक्रमात न गेलेल्या मुलांपेक्षा तुरुंग 'बघून आलेली' मुलं पुढं जास्त गुन्हे करत होती. ज्या गोष्टीचा धाक बसायचा, तिचीच मित्रांत फुशारकी झाली असेल, तर त्यात फार नवल नाही.

मायेनंही चूक होऊ शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये ५०६ मुलं निवडून त्यातल्या निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं गेलं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी दोन्ही गटांचा माग काढला, तर मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत जास्त वाईट होती. पुन्हा पुन्हा शिबिराला गेलेल्यांमध्ये तर हे ठळक दिसलं. बिघडू पाहणारी मुलं एकत्र कोंडली की ती एकमेकांची प्रेक्षक होतात. भांडंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसं हे आहे.

म्हणून इंग्लंड-वेल्ससारख्या ठिकाणी किरकोळ गुन्ह्यातल्या मुलांना कोर्टाच्या दाराआधीच दुसरीकडं वळवण्यावर भर दिला गेला. २००८ च्या सुमाराला तिथं कोठडीतल्या मुलांची संख्या ३,००० च्या घरात होती. पंधरा वर्षांनी ती ५०० च्या खाली आली. कारणं बरीच आहेत, पण मुलांना यंत्रणेच्या फार आत ओढायचं नाही हे ठरवून चाललेलं धोरण त्यातलं एक आहे.

पकडल्यावर काय होतं

आधी थोडं मागं जाऊ. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. पुढं त्याच तुरुंगाच्या आवारात मुलांचं गृह सुरू झालं. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठीचा वेगळा कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलाला मोठ्या कैद्यांबरोबर ठेवू नये हा विचार आपल्याकडं शंभर वर्षं जुना आहे. जुन्या भिंतींवर फक्त नवी पाटी लागली की काय, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. लोकांच्या तोंडी अजून 'रिमांड होम' हाच शब्द आहे.

आज लागू असलेला बाल न्याय कायदा २०१५ चा. त्यात सोन्याला आरोपी म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द बोजड आहे, पण त्यात एक विचार आहे: कायद्याशी खटका उडाला एवढंच सांगायचं, मुलावर शिक्का मारायचा नाही. त्याचा प्रवास असा होतो.

पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी त्याची जबाबदारी घेतो. हा अधिकारी साध्या कपड्यांत असला पाहिजे. बेड्या नाहीत, लॉकअप नाही. आईवडिलांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) कळवायचं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत सज्ञान कुणी नसेल, तर एफआयआरऐवजी स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरची परिस्थिती लिहून मंडळाला दिली जाते.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात किमान एक महिला. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही. जामीन मिळणं हा नियम आहे. सुटल्यावर मूल सराईतांच्या हाती पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटलं, तरच त्याला निरीक्षणगृहात ठेवायचं.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक-शारीरिक कुवत आणि परिणामांची समज तपासतं आणि खटला बाल न्यायालयाकडं पाठवू शकतं. त्यामुळं 'अठराच्या आतला म्हणजे सुटलाच' हे खरं नाही. आणि सोन्याला हाताशी धरणाऱ्या भाईलाही कायदा सोडत नाही: मुलाकडून बेकायदा काम करवून घेणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे.

मुलाची ओळख उघड करणंही गुन्हा आहे. काही वाचकांना हे लाड वाटतात. वस्तीतून धिंड काढली तर लोकांना बरं वाटतं, हेही खरं. पण आपला प्रश्न आठवा. धिंडीत रस्त्याच्या दोन्ही कडेला कोण उभं असतं? थर चढणाऱ्याला आपण आणखी मोठी गर्दी मिळवून देतो. फोटो छापला की ती गर्दी जन्मभर मागं लागते.

एकच गुन्हा, तीन मुलं

या सगळ्या यंत्रणेचा कणा असतो तो परिविक्षा अधिकारी, कार्यालयातल्या बोलीत 'पीओ'. पंधरा दिवसांत त्यानं सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. पीओ मॅडम घरी जातात, शाळेत जातात, शेजाऱ्यांशी बोलतात. मूल काय करत होतं एवढ्यावर त्या थांबत नाहीत. कोणाबरोबर होतं, शाळा कधी सुटली, व्यसन आहे का, घरी मार बसतो का, कुणी वापरून घेतंय का, हे सगळं विचारतात. मंडळानं नंतर आखायची काळजी योजना यावर उभी राहते.

सोन्याच्या टोळक्यातली तीन मुलं घेऊ. पहिला दहावीत शिकतो, घर सावध आहे, 'घाबरतोस काय' म्हटल्यावर त्यानं एक दगड मारला. त्याला समज द्यायची, आईवडिलांशी बोलायचं आणि सोडायचं. यापेक्षा जास्त केलं तर बिघाड.

दुसरा सोन्या. त्याच्याकडं भाईची गर्दी सोडून दुसरी गर्दीच नाही. '१७ नंबरचा फॉर्म' भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे त्याच्या घरात कुणाला माहीत नाही. गॅरेजमध्ये हाताला काम, संध्याकाळी कबड्डीचा संघ, आठवड्याला पीओची भेट, असं त्याचं वेळापत्रक लागतं. मंडळ त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेखीखाली ठेवू शकतं. 'भाईला भेटू नकोस' एवढं सांगून भागत नाही. वडापावची आणि वाढदिवसाच्या केकची रिकामी झालेली जागा कुणीतरी भरायला लागते.

तिसरा दहाव्या वर्षापासून घरातून पळतोय, नशा करतो, अंगावर जुने वळ आहेत. त्याला व्यसनमुक्ती, मानसिक उपचार आणि सुरक्षित छप्पर लागतं. त्याच्यासाठी काही काळ विशेष गृह हा उपाय ठरू शकतो. कायद्यात तो शेवटचा पर्याय आहे आणि त्याला तीन वर्षांची मर्यादा आहे.

तिघांची कलमं एक, इलाज तीन. बाहेरून बघणाऱ्याला हा अन्याय वाटतो; दवाखान्यात हेच रोज घडतं.

अर्थात कागदावरचं सगळं गल्लीपर्यंत पोचतंच असं नाही. एकाच अधिकाऱ्याकडं फायलींचा ढीग असला की भेटीची सही होते आणि अहवालात 'घरची परिस्थिती गरीब' एवढंच उरतं. मग मंडळाच्या हातात फक्त कलम राहतं, मूल राहत नाही.

तीनशे शब्दांचा निबंध

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. जामीन देताना मंडळानं घातलेल्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. राज्यभर संताप उसळला. मंडळानं आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जूनमध्ये उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून सुटकेचा आदेश दिला.

निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. समुपदेशनाच्या आणि वाहतूक पोलिसांबरोबर काम करण्याच्या अटीही तिच्याबरोबर होत्या. पण लोकांचा राग पोकळ नव्हता. दोन जीव गेले आणि समोर कागद! निबंध कोण वाचणार? त्या दोघांच्या घरचे त्यात कुठंच नव्हते. ज्याचं नुकसान झालं त्याच्या नजरेला नजर देण्याची वेळच जी अट आणत नाही, ती फार हलकी असते. कठोर अटही याच कारणानं हलकी ठरू शकते.

ज्याची काच फुटली, तो

न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात यावर एक वाट काढली. त्यामागं तिथल्या माओरी समाजाची पद्धत होती. खून-मनुष्यवधासारखे गुन्हे सोडले तर मुलगा, त्याचं कुटुंब, पोलीस आणि नुकसान झालेला माणूस एका खोलीत बसतात. तू काय केलंस, त्यानं माझं काय झालं, आता भरपाई कशी, यावर बोलणं होतं आणि सगळ्यांसमोर योजना ठरते. यायचं की नाही हे ज्याचं नुकसान झालं त्याच्या मर्जीवर असतं.

आपल्याकडच्या मंडळालाही समाजसेवेचा आणि गट-समुपदेशनाचा आदेश देता येतो. तो आदेश झाडू मारण्यापुरता ठेवायचा की फुटलेल्या काचेपर्यंत न्यायचा, हे माणसांवर आहे. सोन्याच्या बाबतीत ती काच रिक्षावाल्या काकांची आहे. चार दिवस रिक्षा उभी राहिली, त्या महिन्याचा हप्ता चुकला. हे सोन्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. फोडताना त्यानं काकांना पाहिलंच नव्हतं. त्याची पाठ त्यांच्याकडं होती आणि तोंड भाईकडं.

> थोडक्यात
>
> • किशोरवयात मित्रांचं बघणं हेच बक्षीस असतं. एकट्यानं न केलेल्या गोष्टी मुलं गटात करतात.
>
> • बहुतेक मुलं वयानुसार थांबतात. थोड्यांना लवकर आणि खोलवर मदत लागते. दोघांना एकच इलाज नको.
>
> • दमदाटी, धिंड आणि बिघडलेल्या मुलांना एकत्र कोंडणं यानं दुखणं वाढू शकतं.
>
> • बाल न्याय मंडळ, परिविक्षा अधिकारी आणि काळजी योजना ही कायद्यातली मुख्य साधनं आहेत. जामीन हा नियम, गृह हा शेवटचा पर्याय.
>
> • मूल संकटात दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवता येतं. काच फुटायची वाट बघावी लागत नाही.

गॅरेजमधल्या मिस्त्रीनं सोन्याला पहिल्यांदा रिक्षाची पुढची काच बसवायला दिली, असं समजा. रबराची पट्टी खाचेत सरकवायला तासभर लागतो. त्या तासात काका शेजारच्या स्टुलावर बसून त्याचे हात बघत असतात. काच पक्की बसते. काका काही बोलत नाहीत, फक्त वायपर फिरवून बघतात आणि सोन्याचं नाव घेऊन विचारतात, "उद्या मागची बसवशील का?"